'वांझ' अंडे आणि खुडूक पाखरू : पाळीव पक्ष्याच्या अफलित अंड्यांविषयी

१

"आमच्या पाखराने वांझ अंडी घातली, आता काय करावे?" हा प्रश्न गेल्या काही वर्षांत प्रस्तुत लेखकास अनेकांनी विचारला आहे. विचारणाऱ्यांत विद्यार्थी होते, सहकारी होते आणि शेजारीही होते. भाषाविज्ञानाच्या अध्यापकास हा प्रश्न विचारला जाण्याचे कारण इतकेच की, त्याच्या घरी कॉकटिएल जातीची एक मादी आहे आणि तिच्या अंड्यांची टिपणवही तो ठेवीत आला आहे. उत्तरे देता देता एक गोष्ट ध्यानात आली. प्रश्नातील 'वांझ' या एका शब्दाने विचारणाऱ्याची निम्मी दिशाभूल आधीच झालेली असते आणि उरलेली निम्मी अंडी ताबडतोब उचलून टाकण्याच्या सल्ल्याने होते. शब्दाची चूक पाखराच्या जिवावर बेतू शकते. विभागाच्या पत्रिकेत हा विषय मांडण्याचे धाडस केले आहे ते याच कारणाने.

विषयाची मर्यादा आरंभीच सांगितलेली बरी. येथे विचार करावयाचा आहे तो बजरिगार, लव्हबर्ड आणि बाजारात सर्रास 'कॉकटेल' म्हणून विकला जाणारा कॉकटिएल अशा घरी पाळल्या जाणाऱ्या परदेशी जातींचा. त्यातही मुख्यतः कॉकटिएलचा. आपल्याकडील रानपोपट पिंजऱ्यात ठेवणे १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने निषिद्ध आहे, तेव्हा त्याच्या पालनाचा प्रश्न येथे उद्भवत नाही.

२

प्रथम शब्दाकडे वळू. संस्कृत 'वन्ध्या', प्राकृत 'वंझा', मराठी 'वांझ' ही परंपरा सरळ आहे. 'संध्या' या शब्दापासून 'संझा' आणि पुढे 'सांज' हे रूप ज्या वाटेने आले तीच ही वाट. फरक एवढाच की 'सांज' या शब्दातील महाप्राण मराठीत लोपला आणि 'वांझ' या शब्दात तो टिकला. अर्थाच्या दृष्टीने पाहता हा शब्द मुळात व्यक्तीचा दोष सांगतो. ज्या क्रियेपासून फळ यावयास हवे ती घडूनही फळ येत नाही, असा त्याचा आशय आहे. म्हणूनच तो झाडाला लागतो, जमिनीला लागतो, चर्चेलाही लागतो. आणि आपल्या दर्शनग्रंथांत असंभाव्य वस्तूचा दाखला म्हणून 'वंध्यापुत्र' हा शब्द 'खपुष्प' आणि 'शशशृंग' यांच्या पंक्तीस बसतो.

आता हा आशय एकट्या राहणाऱ्या मादीच्या अंड्यास लागू पडतो काय, ते पाहावे. तिला नर नाही. मीलन घडलेले नाही. मग ज्या फळाची अपेक्षाच नव्हती ते आले नाही, यात उणीव कोणाची? तरीही 'वांझ' म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात दोन विचार उभे राहतात. एक असा की, पाखरात काही बिघाड आहे. दुसरा असा की, त्याला जोडीदार आणून द्यावा म्हणजे बिघाड दूर होईल. दोन्ही विचार चुकीचे आहेत आणि दुसरा तर नवी जबाबदारी ओढवून घेणारा आहे. कुक्कुटपालनाच्या पुस्तकांत रूढ झालेला 'अफलित' हा शब्द अधिक प्रामाणिक आहे. तो अंड्याची अवस्था सांगतो. अंडे घालणारीविषयी काहीच बोलत नाही.

हा घोळ केवळ मराठीचाच आहे असे मात्र नव्हे. ग्रीक लोक अशा अंड्यांना 'वाऱ्याची अंडी' म्हणत. वसंतात वाहणाऱ्या वाऱ्याने मादीस गर्भ राहतो अशी समजूत त्यामागे होती. इंग्रजीतील 'विंड एग' हा शब्द त्याच कल्पनेचा वारस होय. ॲरिस्टॉटलने प्राणिविषयक ग्रंथात या अंड्यांची चर्चा केली आहे. ती पूर्वीच्या मीलनाचे अवशेष असतात, हे मत त्याने खोडून काढले. कारण ज्यांचे कधी मीलनच झाले नाही अशा तरुण कोंबड्यांनी आणि हंसिणींनी ती घातल्याचे पाहण्यात आले होते. पाहणे आधी आणि नाव मागाहून, हा धडा त्यातून घेता येतो.

३

अंडे तयार होण्याची क्रिया समजून घेतली म्हणजे अफलित अंड्यातील गूढ उरत नाही. बहुतेक पक्षिणींत डावा अंडाशय आणि डावी अंडनलिका एवढीच कार्यक्षम असतात. अंडाशयात बलकाचे गोळे क्रमाने वाढतात. पूर्ण वाढलेला गोळा सुटून अंडनलिकेच्या नरसाळ्यासारख्या मुखात येतो. कोंबडीत तो तेथे सुमारे पाव तास राहतो आणि फलन व्हावयाचे असल्यास ते तेवढ्यातच होते. पुढे सुमारे तीन तासांत त्यावर पांढऱ्या बलकाचे थर चढतात, तासा-सव्वा तासात पातळ पापुद्रे चढतात आणि अखेरीस सुमारे वीस तास कवच बांधण्यात जातात. सारा प्रवास २४ ते २६ तासांचा असतो.

यातील महत्त्वाचा मुद्दा असा की, फलन झाले वा न झाले तरी पुढचे टप्पे थांबत नाहीत. अंडनलिका ती चौकशी करीत नाही. न्याहारीत आपण जी अंडी खातो त्यांतील बहुतेक अशीच अफलित असतात, कारण व्यापारी अंडी देणाऱ्या कोंबड्यांत कोंबडा ठेवलेलाच नसतो. सारांश, अफलित अंडे हे निरोगी शरीराच्या नियमित व्यापाराचे फळ आहे. रोगाचे लक्षण नव्हे.

मग चिंता कशाची करावयाची? ती कवचाची. कवचाचा जवळजवळ सर्व भाग कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. हे कॅल्शियम काही अंशी आहारातून व काही अंशी पक्षिणीच्या हाडांतून येते. अंडी घालण्यापूर्वी लांब हाडांच्या पोकळीत त्यासाठी खास साठा तयार होत असतो. मोजक्या अंड्यांपुरता तो पुरतो. अंड्यामागून अंडे येत राहिले आणि आहार अपुरा असला म्हणजे हाडे ठिसूळ होतात, कवचे मऊ पडतात आणि अंडे बाहेर ढकलण्यासाठी स्नायूंना जे कॅल्शियम लागते तेही कमी पडते. अंडे अडते ते अशा वेळी. तेव्हा प्रश्न अंडे फलित की अफलित हा नसून, अंडी किती आणि किती वेळा, हा आहे.

४

आता दुसऱ्या चुकीकडे येऊ. निरुपयोगी वस्तू उचलून टाकावी, हा गृहव्यवस्थेचा सामान्य नियम होय. तो येथे लावला की नेमके उलटे घडते.

पक्ष्यांचे या बाबतीत ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. काहींची अंड्यांची संख्या ठरलेली असते. कबूतर दोन घालते व थांबते. दुसऱ्या वर्गातील पक्षीण घरट्यात पुरेशी अंडी जमेपर्यंत घालीत राहते. अंडी नाहीशी होत गेली तर तिचा हिशेब पुरा होत नाही. याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. १८८३ साली मॅसेच्युसेट्स राज्यात चार्ल्स फिलिप्स याने फ्लिकर जातीच्या एका सुतारपक्षिणीच्या घरट्यात एकच अंडे ठेवून बाकीचे रोज काढून घेतले. ७३ दिवसांत तिने ७१ अंडी घातली. एरवी ती सहा ते आठ अंड्यांवर थांबली असती. ती रानातील होती आणि तिला नर होता. तथापि अंडी उचलण्याचा परिणाम काय होतो याचा दाखला म्हणून हे उदाहरण पुरेसे आहे. कॉकटिएल याच दुसऱ्या वर्गात मोडते. ती साधारणतः एक दिवसाआड अंडे घालते. चार ते सात अंडी झाली म्हणजे सामान्यतः थांबते आणि १८ ते २१ दिवस ती उबवते.

थांबण्याची ही क्रिया मराठीस नवी नाही. तिला 'खुडूक होणे' हा नेमका शब्द आपल्या खेड्यापाड्यांत आहे. खुडूक कोंबडी अंडी देणे बंद करते, खुराड्यात ठाण मांडून बसते, पिसे फुलवते आणि जवळ जाणाऱ्यावर धावून येते. ज्याला अंडी हवी असतात त्याला ही अवस्था नकोशी वाटते. म्हणून तिला पाण्यात बुचकळणे, नाकपुडीत पीस अडकवणे असले उपाय पूर्वी करीत. पांढऱ्या लेगहॉर्नसारख्या जातींतून तर पैदासकारांनी हा गुण जवळजवळ नाहीसाच केला आणि वर्षाला तीनशेच्या घरात अंडी मिळविली. शरीरशास्त्र आज जे सांगते ते या लोकानुभवाशी जुळते. पोटाखाली अंड्यांचा स्पर्श होत राहिला म्हणजे प्रोलॅक्टिन नावाच्या संप्रेरकाचे प्रमाण चढे राहते आणि अंडाशयास चालना देणारी संप्रेरके मंदावतात.

पाळीव पाखराच्या धन्याची गरज कुक्कुटपालकाच्या गरजेच्या बरोबर उलट आहे. त्याला अंडी नको आहेत. म्हणून त्याने पाखरू खुडूक होऊ द्यावे. ज्या अवस्थेला कोंबडीवाला वैतागतो तीच येथे औषध आहे, आणि ते अंड्यांविना मिळत नाही. प्रस्तुत लेखाचे सारे म्हणणे या एका वाक्यात येते.

५

हे ज्ञान लेखकास पुस्तकातून झाले असते तर बरे झाले असते. घरी आणलेले पाखरू तीन वर्षे नर समजले गेले होते. मोती हे नावही पुल्लिंगी. एका सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी पहिले अंडे दिसले आणि घरातील सर्वांचे 'तो' एका दिवसात 'ती' झाले. नाव मात्र बदलले नाही. ज्याच्याकडून पाखरू घेतले होते त्या विक्रेत्याने सांगितले, "अंडे काढून टाका, म्हणजे ती विसरेल." मी ते काढले. एक दिवस सोडून दुसरे आले, तेही काढले. असे करीत २५ दिवसांत टिपणवहीत तेरा अंड्यांची नोंद झाली. प्रत्येक अंडे पाच-साडेपाच ग्रॅमचे आणि पाखराचे वजन सुमारे ९० ग्रॅम. म्हणजे साडेतीन आठवड्यांत तिने आपल्या वजनाच्या पाऊणपट भार शरीरातून काढून दिला होता. आणि आहार काय, तर केवळ राळ्याचे दाणे. मी नोंदी अचूक ठेवल्या, पण त्या वाचल्या नाहीत.

चौदाव्या अंड्याच्या दिवशी ती तळाशी पाय फाकून बसलेली आढळली. पिसे फुललेली, डोळे अर्धवट मिटलेले, श्वासागणिक शेपूट खाली-वर होत होते. पशुवैद्यांनी ऊब दिली, कॅल्शियमचे इंजेक्शन दिले आणि काही तासांनी मऊ कवचाचे अंडे बाहेर पडले. ती वाचली. घरी पाठविताना त्यांनी प्लॅस्टिकची पाच खोटी अंडी हातात दिली. मोती त्यांवर बावीस दिवस बसली, तेविसाव्या दिवशी उठून गेली आणि पुढले आठ महिने तिने अंडे घातले नाही.

६

यावरून आणि पशुवैद्यकाच्या सर्वमान्य नियमांवरून घरगुती व्यवस्था कशी असावी, ते आता क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट अंड्यांची. ती जेथे घातली असतील तेथेच राहू द्यावीत. हवे तर प्रत्येकाच्या जागी त्याच आकाराचे खोटे अंडे ठेवावे. फुटलेले किंवा दुर्गंधी येणारे अंडे मात्र काढावे. पाखराने आपण होऊन त्यांत रस घेणे सोडले, म्हणजे साधारण तीन आठवड्यांनी, ती उचलावीत. बसण्याच्या काळात ती क्वचितच उठते; म्हणून दाणापाणी जवळ असावे. या दिवसांत विष्ठा एरवीपेक्षा मोठी आणि उग्र वासाची असते, त्याने घाबरून जाऊ नये.

घरात नर असल्यास, किंवा अलीकडेच वेगळा केला असल्यास, अंडी अफलितच आहेत असे गृहीत धरू नये. मादीच्या शरीरात शुक्रबीज काही काळ जिवंत राहू शकते. पिल्ले नको असतील तर अंडे घातल्याच्या दिवशीच उकडून, पुरते गार करून परत ठेवावे. परीक्षाच करावयाची तर उबवणीच्या सहाव्या-सातव्या दिवसानंतर अंधाऱ्या खोलीत अंड्यामागे विजेरी धरावी. फलित अंड्यात रक्तवाहिन्यांचे तांबडे जाळे दिसते. अफलित अंडे आरपार पिवळसर व स्वच्छ दिसते.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. १९२० ते १९३० या दशकात कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात विल्यम रोवन याने जुंको नावाच्या लहान पक्ष्यांना ऐन हिवाळ्यात दिव्यांच्या साहाय्याने दिवस लांबवून दाखविला, तेव्हा कडाक्याच्या थंडीतही त्यांच्या जननग्रंथी वाढू लागल्या. आपल्या दिवाणखान्यात रात्री अकरापर्यंत दिवे असतात. म्हणजे नकळत आपणही तोच प्रयोग चालविलेला असतो. पाखरास रोज बारा ते चौदा तास शांत अंधार मिळेल अशी सोय करावी.

तिसरी गोष्ट घरट्याच्या आभासाची. लाकडी पेटी, मडके, कपाटामागची फट, कागदाच्या चिंध्या ही सारी तिला घरटे वाटतात. ती दूर करावीत. आरसा किंवा लाडके खेळणे यांना ती घास भरवू लागली तर तेही जोडीदार ठरले असे समजावे. आणि बहुधा खरा जोडीदार आपणच असतो. पाखराच्या पाठीवरून व पंखांखालून हात फिरविणे हे आपल्या दृष्टीने कौतुक. तिच्या भाषेत त्याचा अर्थ निराळा आहे. स्पर्श डोके व मान यांपुरताच ठेवावा. अंड्यांचा हंगाम संपल्यावर पिंजऱ्याची जागा आणि आतील दांड्यांची मांडणी बदलल्यास उपयोग होतो.

चौथी गोष्ट आहाराची. केवळ दाण्यावर राहणाऱ्या पाखरास कॅल्शियम आणि अ व ड ही जीवनसत्त्वे अपुरी पडतात. तयार गोळी-आहार, शेवग्याचा पाला, मेथी, गाजर यांची सवय हळूहळू लावावी. पिंजऱ्यात समुद्रफेस टांगावा. या वस्तूचे नाव तिला समुद्राचा फेस म्हणते. वस्तुतः ती माकुळीसारख्या सागरी जीवाच्या शरीरातील चुनखडीची ढाल होय. नाव चुकले तरी कॅल्शियम तेच, एवढा दिलासा येथे आहे. कॅल्शियम अंगी लागण्यासाठी ड जीवनसत्त्व हवे आणि त्यासाठी कोवळे ऊन हवे; खिडकीच्या काचेतून आलेले ऊन त्या कामी येत नाही. पिंजरा थोडा वेळ बाहेर ठेवावा, त्याच्या एका बाजूस सावली असावी आणि मांजर-कावळ्यांपासून राखण असावी. औषधी चूर्णे मात्र वैद्याच्या सल्ल्याविना देऊ नयेत, कारण ड जीवनसत्त्वाचा अतिरेकही घातक ठरतो.

७

अंडे अडल्याची लक्षणे वर आलीच आहेत: तळाशी बसून राहणे, वारंवार कुंथणे, पायांतील बळ जाणे, श्वासाबरोबर शेपूट हलणे. अशा वेळी तेल लावणे, पोट दाबणे, अंडे ओढून काढण्याचा प्रयत्न करणे हे सर्व वर्ज्य समजावे. आतल्या आत अंडे फुटले तर जीव वाचणे कठीण. पाखरास उबदार, किंचित दमट आणि शांत जागी ठेवून पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्यावे. उद्यावर टाकण्याजोगे हे दुखणे नाही.

सर्व व्यवस्था करूनही वर्षातून दोन-तीन वेळांहून अधिक अंडी येत राहिली तर पशुवैद्यकात पुढील उपाय आहेत. ल्युप्रोलाइडचे इंजेक्शन किंवा डेस्लोरेलिनची त्वचेखाली बसविण्याची गोळी यांनी अंडाशयास काही काळ विश्रांती मिळते. अंडनलिका काढण्याची शस्त्रक्रियाही करतात. पण इतक्या लहान जिवावर ती जोखमीची असल्याने अखेरचा मार्ग म्हणूनच तिचा विचार करावा.

८

समारोपादाखल पुन्हा शब्दांविषयी. आपल्या परंपरेत पक्ष्याला 'द्विज' म्हणतात. एकदा अंड्याच्या रूपाने व एकदा अंड्यातून, असा त्याचा दोनदा जन्म. अफलित अंड्याला दुसरा जन्म नसतो आणि तो नसण्यात कोणाचा अपराधही नसतो. म्हणून या अंड्याला 'अफलित' म्हणावे आणि पाखराला या संदर्भात कोणतेही विशेषण लावू नये. लावावयाचेच असेल तर 'खुडूक' हे लावावे. कारण तो शब्द पाखराचा दोष सांगत नाही, ते काय करीत आहे हे सांगतो, आणि आपण काय करू नये हेही त्यातच सुचविलेले असते.

मोतीच्या वहीत त्यानंतर दोन हंगामांची भर पडली आहे: एकात पाच अंडी, दुसऱ्यात चार. हे लिहीत असताना ती चार खोट्या अंड्यांवर बसली आहे आणि पिंजऱ्याजवळ गेल्यास फिस्कारते. आज तिच्या उबवणीचा नववा दिवस आहे.